हाताची नस पुन्हा वाढते, मग मज्जारज्जूची इजा का भरून येत नाही?

तुम्ही विचारलंय की भावाच्या मनगटाची कापलेली नस (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना वाहणारी चेता) शिवल्यावर काही महिन्यांनी बोटांना स्पर्श कळू लागला, मग मामांच्या मज्जारज्जूला इजा झाल्यावर पायांत ताकद का येत नाही? मी फिजिओथेरपिस्ट आहे. जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या घरचे मला हेच विचारतात.

हातातल्या नसेचा तंतू तुटला की तुटल्या जागेच्या पुढचा भाग मरतो, पण त्याला वेढणाऱ्या श्वान (Schwann) नावाच्या पेशी जगतात. कचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींच्या जोडीने त्या जुनं मायेलिन, म्हणजे तंतूवरचं वेष्टण, साफ करतात, एका ओळीत राहून तंतूला दिशा देतात आणि वाढीची रसायनं सोडतात. मग तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो.

मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथली साफसफाई अतिशय संथ होते, आणि उरलेल्या मायेलिनमधली नोगो-ए सारखी प्रथिनं तंतूचं वाढणारं टोक थोपवतात. झ्युरिकचे संशोधक मार्टिन श्वाब यांचं आयुष्यभराचं काम यावरच आहे. शिवाय जखमेभोवती चेतापेशींना आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचा व्रण तयार होतो. त्याला नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही, कारण तो दाह आजूबाजूला पसरू देत नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1981 चा प्रयोग. मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जू आणि मेंदूच्या खालच्या भागामध्ये पुलासारखा बसवला. वाढत नाहीत असं मानलेले तंतू त्यातून सुमारे 3 सेंटिमीटर वाढले! पलीकडे मज्जारज्जूत शिरल्यावर मात्र ते लवकरच थांबले. म्हणजे परिसर फार महत्त्वाचा. पण तेवढंच नाही, ज्या चेतापेशीतून तंतू निघतो, ती प्रौढ झाल्यावर तिची स्वतःची वाढीची क्षमताही मंदावते. 2008 मध्ये उंदरांत पीटेन हे पेशीच्या वाढीला लगाम घालणारं जनुक काढून टाकल्यावर डोळ्याच्या नसेतले तंतू पुन्हा वाढले होते.

माणसासाठी यातून सिद्ध झालेला इलाज अजून निघालेला नाही. म्हणून स्टेम सेलच्या नावाने कुणी लाखो रुपये मागितले तर कृपा करून देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात.

इजा अपूर्ण असेल, म्हणजे काही तंतू शाबूत असतील, तर ते वाचलेले तंतू नव्या फांद्या काढून थोडं काम उचलतात, आणि आम्ही व्यायामातून त्यांनाच कामाला लावतो. मामांच्या कागदांवर 'एशिया' (ASIA) ही इजेची तीव्रता सांगणारी श्रेणी ए ते ई यांपैकी काय लिहिली आहे ते कळवा. इजा पूर्ण आहे की अपूर्ण, ते त्यावरून समजेल.