वाइन विटकरी झाली म्हणजे बिघडली का?

प्रश्न : मुलगा माद्रिदला असतो. दिवाळीला येताना त्याने स्पेनच्या रिओहा भागातल्या, २०१० सालच्या ‘ग्रान रेसेर्वा’ (म्हणजे बरीच वर्षं मुरवलेल्या) वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. मोठ्या उत्साहाने एक उघडली, तर लाल रंगाचा पत्ता नाही. विटकरी, कडेला जवळजवळ नारिंगी. वासाला फळबिळ काही नाही. खोबरं आणि आजीच्या ट्रंकेसारखा वास. शेवटच्या ग्लासात गाळही आला. सौ. म्हणाल्या, बिघडलीय, ओतून टाका. दुसरी उघडावी की नाही?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिली बाटली गेली असेल तर तिचं सुतक धरू नका. दुसरी मात्र ओतलीत, तर माझ्याशी गाठ आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बिघाडाचं एकही लक्षण मला त्यात सापडलं नाही. उलट, जुन्या वळणाच्या रिओहाचं इतकं नेमकं वर्णन विकणारेसुद्धा करत नाहीत.

नाशिकजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काढली. तिथे आमचा सगळा आटापिटा कशासाठी, तर वाइन ताजी, जांभळी, फळांच्या वासाची राहावी म्हणून. त्यामुळे असली रिओहा पहिल्यांदा प्यायले तेव्हा माझंही तोंड तुमच्या सौ.सारखंच झालं होतं.

खोबऱ्याचं गुपित लाकडात आहे. ओक हे आपल्याकडे आडनाव, तिकडे झाड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या, माव्याच्या जातकुळीतल्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत पिरिनीज पर्वत ओलांडून स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यात, म्हणजे रिओहात, उतरले. २२५ लिटरच्या पिंपात वाइन मुरवण्याची बोर्दोची पद्धत रिओहात रुजली ती याच काळात. पिंपांचा आकार बोर्दोचा, पण लाकूड बऱ्याच जणांनी अमेरिकन ओकचं घेतलं. या ओकमध्ये लॅक्टोन नावाचं द्रव्य फ्रेंच ओकपेक्षा जास्त असतं. नारळाचा वास येतो तो त्याचा. व्हॅनिलाही लाकडातूनच येतो. कधी कधी तर चक्क शेपूचा वास येतो! चेष्टा नाही, एकदा लक्ष देऊन हुंगा.

आरो (स्पेलिंगमध्ये ‘एच’ आहे, पण त्याचा उच्चार होत नाही) हे तिथलं छोटं गाव. रेल्वे आली आणि वाइन थेट डब्यात चढवता यावी म्हणून वायनऱ्या स्टेशनालाच चिकटून उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया १८७७ची, कूने १८७९ची, ला रिओहा आल्ता १८९०ची. तासाभरात सगळ्या पायी फिरून होतात. लोपेस दे एरेदियाची पिंपं आजही त्यांच्याच आवारात बनतात आणि दुरुस्त होतात. तळघराच्या भिंतींवर बुरशी, बाटल्यांवर कोळिष्टकं. आमच्याकडे ऑडिटरने हे पाहिलं असतं तर प्रयोगशाळेला टाळं लागलं असतं. तिथे सांगतात, कोळी हवेत, ते बुचं पोखरणाऱ्या पतंगांना खातात.

आता रंग. आरोच्या एका तळघरात मी ‘ट्रासिएगो’ पाहिलं, म्हणजे एका पिंपातली वाइन दुसऱ्या पिंपात काढणं. जुन्या वळणाच्या घरांत हे साधारण सहा-सहा महिन्यांनी होतं. वरच्या पिंपाला तोटी, तोटीखाली काचेचा ग्लास, ग्लासामागे पेटती मेणबत्ती. कामगार एक डोळा बारीक करून ज्योतीकडे बघत होता. वाइन नितळ आहे तोवर ज्योत स्वच्छ दिसते. ती जराशी धुरकटली, की गाळ आला. लगेच तोटी बंद. त्याची बोटं तोटीवरून एकदाही हलली नाहीत. मी घड्याळ पाहायचं विसरले.

अशा प्रत्येक फेरीत वाइनला थोडी हवा लागते. लाकडातूनही कणाकणाने लागत राहते. मग जांभळी रंगद्रव्यं टॅनिनशी, म्हणजे वाइनमधल्या तुरट द्रव्याशी, जोडली जातात, रंग विटकरीकडे झुकतो आणि जड झालेलं हळूहळू तळाला बसतं. तुमचा गाळ तो हाच. पोटाला काही होत नाही, फक्त दाताखाली कचकच लागते. ताज्या फळाची जागा सुकलेलं फळ घेतं. मला त्यात आमसूल, सुकी चेरी, तपकीर आणि चामडं सापडतं. तुमची ट्रंक त्याच घराण्यातली.

खरी बिघडलेली वाइन ओळखायची, तर व्हिनेगर, नेलपॉलिश किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास शोधा. यांपैकी काही आलं, तर सौ.चं ऐका.

दुसरी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. बूच ठिसूळ असेल, म्हणून स्क्रू पूर्ण आत उतरवा आणि सावकाश ओढा. तुकडा आत पडलाच तर चहाची गाळणी आहेच. प्यायची ती १६ ते १८ अंशांवर, म्हणजे आपल्या हवेत अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये. मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात ‘रूम टेंपरेचर’ म्हणून मला तिशीच्या घरातली वाइन दिली होती. रस्सा प्यायल्यासारखं वाटलं. ओतल्यावर ग्लासात वीस मिनिटं राहू द्या, पण जगमध्ये तासन्‌तास उघडी ठेवू नका. म्हाताऱ्या वाइनचा दम लवकर तुटतो.

सोबत तांबडा रस्सा नको, तिखटापुढे तिचं काही चालणार नाही. आरोच्या भागात कोवळ्या कोकराच्या चापा द्राक्षवेलींच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात, वर फक्त मीठ. त्या काड्या आपल्याकडे बांधावर ढिगाने पडलेल्या असतात! डोंबिवलीत तव्यावरच्या मटण चापा चालतील. आलं-लसूण बेताने, मिरची नको.

प्रश्न : स्पॅनिश वाइनच्या बाटलीला सोनेरी तारेची जाळी आहे. ती ठेवायची की कापायची? नातीला आकाशकंदिलासाठी हवी आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : खुशाल द्या. ही टूम मार्केस दे रिस्काल या रिओहातल्या वायनरीची, एकोणिसाव्या शतकातली. लोक रिकाम्या बाटल्यांत भलतीच वाइन भरून विकत. जाळी असली की ती तोडल्याशिवाय बूच निघायचं नाही, म्हणजे लबाडी उघडी पडायची. आज ती नुसती शोभा आहे. कापताना पक्कड घ्या, तारेची टोकं नातीच्या बोटांना लागतील.

प्रश्न : सगळ्याच बाटल्यांवर हल्ली ‘रेसेर्वा’, ‘रिझर्व्ह’ दिसतं. त्याला काही अर्थ आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : रिओहात आहे. तिथे लाल वाइनला ‘क्रिआन्सा’ म्हणायला किमान २ वर्षं लागतात, ‘रेसेर्वा’ला ३, आणि दोन्हींत किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. ‘ग्रान रेसेर्वा’ला ५ वर्षं, त्यातली किमान २ पिंपात. लोपेस दे एरेदियासारखे लोक तर रेसेर्वासुद्धा पाच-सहा वर्षं पिंपातच ठेवतात. बाकी अनेक ठिकाणी, अमेरिकेत तर नक्कीच, ‘रिझर्व्ह’मागे कायद्याचा असा कुठलाच हिशेब नसतो. दुकानात बाटली उलटी फिरवा. रिओहाच्या मागच्या बाजूला छोटी पट्टी असते. निळी ग्रान रेसेर्वाची, गडद मरून रेसेर्वाची, लाल क्रिआन्साची. आणि दुकानदार ‘रिओजा’ म्हणाला तर म्हणू द्या, पट्टी तीच असते.