फायरफॉक्सच्या होमपेजवरचा सर्च चालत नाही: उबुंटू 22.04

ऐरोलीच्या मित्रा, होमपेजच्या सर्चमध्ये टाइप केलं की अक्षरं वर अ‍ॅड्रेस बारमध्ये उडी मारतात म्हणतोस, तो बिघाड नाही. फायरफॉक्स मुद्दामच तसं करतं. एंटर मारूनही काही होत नाही, हे मात्र खरं दुखणं.

आधी फायरफॉक्स पूर्ण बंद करून उघड. मागे अपडेट येऊन पडलं असेल तर तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मेनूतल्या हेल्पमधून ट्रबलशूट मोड लाव. त्यात एक्स्टेन्शन (फायरफॉक्समध्ये जोडलेली छोटी अ‍ॅड-ऑन) तात्पुरती बंद राहतात. तिथे सर्च चालला तर दोषी बहुधा एखादं एक्स्टेन्शन. एकेक बंद करून पकड.

तिथेही ढिम्म? मग सर्च इंजिनांची यादी खराब झाली असावी. हेल्पमधल्या 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइलचं (तुझी सेटिंग्ज, बुकमार्क जिथे साठतात ते) फोल्डर उघड (उबुंटूच्या स्नॅप पॅकेजमधून आलेल्या फायरफॉक्समध्ये ते होमच्या आत 'स्नॅप'मध्ये दडलेलं असतं, हाताने शोधू नकोस), फायरफॉक्स बंद कर आणि 'search.json' (सर्च.जेसन)ने सुरू होणाऱ्या फाइलचं नाव बदल. पुन्हा उघडलंस की यादी नव्याने बनते. बुकमार्क, पासवर्ड शाबूत. स्वतः जोडलेली सर्च इंजिनं आणि सर्चच्या बदललेल्या सेटिंग्ज मात्र जातील.

आणि एवढ्यासाठी लॅपटॉप ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात नेऊ नकोस, सरळ फॉरमॅट मारून देतील.