‘सत्तर टक्के ब्लॉकेज आहे, तरी स्टेंट टाकला नाही. आता कधीही अटॅक येईल ना?’

हृदयरुग्ण आणि त्यांच्या घरचे हा प्रश्न फार वेळा विचारतात, आणि बहुतेक वेळा आवाज खाली आणून विचारतात. (स्टेंट म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून उघडी धरणारी बारीक जाळी.) पुढची हकिगत ५८ वर्षांच्या एका गृहस्थांची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

भरभर चाललं किंवा चढ लागला की काकांच्या छातीच्या मधोमध दाब यायचा. थांबलं की दोन-तीन मिनिटांत जायचा. कित्येक महिने हे असंच, त्यात वाढ नाही की घट नाही. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेत, उजव्या रक्तवाहिनीत ७० टक्के आणि डावीकडच्या एका फांदीत ४० टक्के अडथळा दिसला. हृदयाचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगलं. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, ‘सध्या औषधं आणि व्यायाम. तीन महिन्यांनी बघू.’

घरी हे कुणालाच पटलं नाही. मुलगा अँजिओग्राफीची सीडी घेऊन आणखी दोघांकडे गेला. एक म्हणाले, औषधं बरोबर आहेत. दुसरे म्हणाले, टाकून टाकू स्टेंट. तेव्हापासून काकांनी चालणं बंद केलं. दिवसातून आठ-दहा वेळा बीपी मोजणं सुरू झालं, आणि काकू रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघू लागल्या. ‘मॅडम, ती नळी कधी बंद पडेल याचीच वाट बघत बसलोय,’ काका मला म्हणाले.

अशा वेळी संशोधनाचे आकडे लगेच पुढे केले तर ते कानावरून जातात. आधी माणसाच्या डोळ्यासमोर काय आहे ते कळायला हवं. मी काकांना कागद-पेन दिलं आणि म्हटलं, तुम्हाला आत काय दिसतं ते काढा. त्यांनी एक नळी काढली, मध्ये काळा गोळा, खाली ‘७०’, आणि तिथून ‘१००’ कडे जाणारा बाण. सगळी भीती त्या बाणात होती. आज सत्तर, मग ऐंशी, मग शंभर, आणि शंभर झाले की अटॅक. स्टेंट टाकला की आकडा पुन्हा शून्यावर.

चित्र इतकं सरळ असतं तर स्टेंट न टाकणारा डॉक्टर खरोखरच निष्काळजी ठरला असता. पण अटॅक बहुतेक वेळा असा हळूहळू भरत जाऊन येत नाही. चरबी रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत साठते आणि तिच्यावर एक आवरण असतं. हे आवरण पातळ असेल, खाली चरबी मऊ असेल आणि तिथे दाह असेल, तर ते फाटतं. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि वाट काही मिनिटांत बंद होते. अशी फाटणारी जागा पुष्कळदा ४०-५० टक्क्यांचीच असते, कारण कमी अडथळ्याच्या जागा संख्येने जास्त असतात. उलट ७० टक्क्यांची जुनी, कडक झालेली जागा वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. तिचा त्रास वेगळा असतो. श्रमाच्या वेळी हृदयाला जास्त रक्त लागतं, ते तिथून पुरेसं जात नाही, म्हणून दाब येतो.

स्टेंट साधारण दोन-तीन सेंटिमीटरची एक जागा उघडतो. भिंतीचा आजार मात्र सगळ्या रक्तवाहिन्यांत कमी-जास्त असतो. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध त्या प्रत्येक जागी काम करतं. चरबी कमी होते, आवरण जाड होतं, दाह शमतो. हे ऐकल्यावर काकांनी रिपोर्टमधल्या ‘४०’ च्या फांदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘म्हणजे इथलंही औषधच सांभाळतंय?’ हो. तिथे तर तसंही कुणी स्टेंट टाकला नसता.

आकडे आता सांगता आले. इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ३७ देशांतले ५१७९ रुग्ण, सगळ्यांचा आजार काकांसारखा स्थिर, आणि ताण-चाचणीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं मध्यम ते तीव्र प्रमाणात दिसलेलं. निम्म्यांची औषधांबरोबर सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास. निम्म्यांना आधी फक्त औषधं. सरासरी तीन वर्षांहून थोड्या जास्त पाठपुराव्यात मृत्यू झाले पहिल्या गटात १४५ आणि दुसऱ्यात १४४. छातीतल्या दुखण्याला मात्र पहिल्या गटात जास्त आराम पडला. म्हणून स्थिर आजारात स्टेंटबद्दल विचारायचं ते ‘जीव वाचेल का’ यापेक्षा ‘त्रास कमी होईल का’ असं.

हे सगळं स्थिर आजारापुरतंच खरं आहे, आणि यात गल्लत झाली तर जीवावर बेतेल. अटॅक चालू असताना वाट उघडणं हाच उपचार, तिथे मिनिटं मोजायची. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा, पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली, विश्रांतीतही येणारं किंवा अलीकडेच वाढलेलं दुखणं, हे रुग्ण इस्केमिया अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यांना त्याचा निष्कर्ष लावायचा नाही. मोठ्या अटॅकनंतर दुसऱ्या रक्तवाहिनीत लक्षणीय अडथळा उरला असेल तर तोही उघडल्याने फायदा होतो, हे २०१९ च्या कम्प्लीट अभ्यासात दिसलं आहे.

मुलासाठी एक कागद तयार केला. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यावर: डावी मुख्य रक्तवाहिनी मोकळी आहे का? पंपिंग किती? हृदयाच्या किती भागाला रक्त कमी पडतंय? ७० हा आकडा नुसता डोळ्यांचा अंदाज आहे की आतला दाबही मोजला आहे? (अडथळ्याच्या पलीकडचा दाब तारेने मोजता येतो. अलीकडच्या दाबाशी त्याचं गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली असेल तर तो अडथळा रक्त अडवतो आहे असं धरतात.) एलडीएलचं, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचं, लक्ष्य काय? ‘आणखी किती जणांना सीडी दाखवू’ यापेक्षा हे प्रश्न जास्त कामाचे. दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली तर ‘कोण बरोबर’ म्हणण्याऐवजी ‘स्टेंटने नेमकं काय साधायचं आहे’ हे दोघांनाही विचारावं.

मग चालण्याकडे वळलो. भीतीने चालणं सोडलं की शरीर ढिलं पडतं, थोड्या श्रमातही नाडी वाढते आणि दाब आधीपेक्षा लवकर येतो. घरच्यांना वाटतं, बघा, आजार वाढला. काकांचं हेच झालं होतं. डॉक्टरांची परवानगी घेऊन सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटांनी सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं अगदी सावकाश, आणि नंतरही वेग असा की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं. जेवल्या जेवल्या नाही, बोचऱ्या थंडीत नाही. दर आठवड्याला थोडं वाढवत तीस मिनिटांपर्यंत. वहीत चार रकाने: काय करत होतो, दाब आला का, किती मिनिटांत गेला, गोळी लागली का. बीपी सकाळ-संध्याकाळ दोनदाच, पाच मिनिटं शांत बसून. काकूंचं रात्रीचं उठणं या वहीने कमी झालं, कारण आता त्यांच्याकडे बघायला काहीतरी ठोस होतं.

जिभेखालची नायट्रोग्लिसरिनची गोळी खिशात होती, पण ती कशी घ्यायची ते काकांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. दाब आला की थांबायचं आणि बसायचं. उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते. एक गोळी जिभेखाली विरघळू द्यायची, गिळायची नाही. पाच मिनिटांत दाब गेला नाही किंवा वाढला, तर लगेच रुग्णवाहिका, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. डोकं दुखणं हा या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे. लैंगिक शक्तीसाठीच्या सिल्डेनाफिल, टाडालाफिल अशा गोळ्यांसोबत ती अजिबात चालत नाही, बीपी धोकादायक खाली जातं. हे विचारायला रुग्ण लाजतात, म्हणून आपणच विचारावं. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या. उष्णतेने आणि उघड्यावर त्यांचा जोर जातो.

दाब कमी श्रमात यायला लागला, वारंवार यायला लागला, जास्त वेळ टिकला किंवा बसल्या जागी आला, तर आजार आता स्थिर नाही. ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी थांबायचं नाही. भीतीनेही छाती भरून येते हे खरं, पण तो निवाडा ईसीजी आणि रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी करायचा.

काकांचं एलडीएल सुरुवातीला १२८ होतं. जास्त मात्रेच्या स्टॅटिनने सहा आठवड्यांत ६६ वर आलं. अशा रुग्णांसाठी युरोपीय मार्गदर्शक सूचनांत लक्ष्य ५५ च्या खाली आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, त्यामुळे डॉक्टरांनी एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसरं औषध जोडलं आणि ते ५२ झालं. एवढ्यानेही भागत नसेल तर आता इंजेक्शनं आहेत. काही दर दोन आठवड्यांनी घ्यायची, तर इन्क्लिसिरान सुरुवातीच्या डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणं ही घराघरांत होणारी चूक आहे. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच.

पाच महिन्यांनी वही घेऊन काका आले. चालणं तीस मिनिटांवर गेलं होतं, झोप लागत होती. पण दुखणं रोखणारी दोन औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही दुसऱ्या मजल्यावर दाब यायचाच, आणि त्यांच्या कामात जिने रोजचे. डॉक्टरांनी तारेने रक्तवाहिनीतला दाब मोजला, उजव्या बाजूचं गुणोत्तर ०.७२ आलं. स्थिर आजारातल्या दुखण्याला स्टेंटने आराम पडतो, हे खोट्या प्रक्रियेशी (स्टेंट न टाकता केलेल्या देखाव्याशी) तुलना करणाऱ्या ऑर्बिटा-२ या २०२३ च्या अभ्यासात दिसलं आहे, मात्र त्यातले रुग्ण दुखणं रोखणारी औषधं जवळजवळ घेत नव्हते. काकांनी स्टेंट घ्यायचं ठरवलं. या वेळी कारण वहीत लिहिलेलं होतं: जिना.

‘मग आता गोळ्या सुटणार ना?’ मुलाने विचारलं. नाही, उलट एक वाढली. ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी साधारण सहा महिने, डॉक्टर ठरवतील तसं कमी-जास्त. ती मध्येच बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी दंतवैद्याने ‘चार दिवस बंद ठेवा’ म्हटल्यावर परस्पर बंद करायची नाही, आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करायचा. काकूंनी हे वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि त्याखाली फोन नंबर.