टेस्टिंगला गेलो तर तिथेच अडकेन का?

पेरण्या उरकल्या, निकाल लागले की करिअरचा सल्ला विचारायला माझ्याकडे एक ठरावीक जोडी येऊ लागते. पुढे वडील, मागे पोरगा. वडिलांच्या काखेत मार्कशीटची फाईल, पोराच्या हातात मोबाईल. पारोळ्याकडची ही जोडीही तशीच आली. वडील खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलू लागले, "मना पोऱ्या हुशार शे ताई, पन याले कायच सुचत नही. याले समजाडा."

पोरगा बीसीए झालेला, एक्काहत्तर टक्के. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. घरात त्याला भाऊ म्हणतात. खान्देशात घरटी एक तरी भाऊ असतोच, तेव्हा आपणही त्याला भाऊच म्हणू.

भाऊने वही काढली. शेवटच्या पानावर रकाने आखलेले: डेव्हलपर, टेस्टिंग, सपोर्ट, डेटा सायन्स, सायबर, क्लाउड, एमसीए, एमपीएससी. प्रत्येकापुढे 'स्कोप'चे दहापैकी गुण. डेटा सायन्सला दहा, टेस्टिंगला चार.

"हे गुण कोणी दिले?"

"यूट्यूबवरून काढले, मॅडम."

मग खरं दुखणं बाहेर आलं. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सपोर्टची, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या अडचणी सोडवायची, जागा मिळत होती, महिना अठरा हजार, दोन वर्षांचा बॉन्ड (तोवर नोकरी सोडली तर भरपाई). दुसरीकडे टेस्टिंगसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर वापरून त्यातल्या चुका शोधायच्या कामासाठी, मुलाखत झाली होती. वर्गातला मित्र डेव्हलपर म्हणून लागला होता. आणि सगळे सांगत होते की पहिलीच लाईन चुकली तर पुढे बदलता येत नाही, टेस्टिंगला गेलेला माणूस टेस्टिंगमध्येच म्हातारा होतो. त्यात एका क्लासवाल्याने पंच्याऐंशी हजारांत डेटा सायन्स आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' असा सौदा पुढे ठेवलेला. वडील कापसाच्या पैशांतून फी भरायला तयार होते.

कॉम्प्युटरची पदवी घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा प्रश्न हाच असतो, फक्त रकान्यांचा क्रम बदलतो. 'कशाला स्कोप आहे' याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं तो सांगतो त्याच्याकडे बहुधा फीची पावती तयार असते. मी वेगळंच विचारते: कोणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, तरी कॉम्प्युटरवर बसून काय केलंस?

भाऊ गप्प. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विचारला तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिघांनी मिळून विकत आणला होता. (मी रागावत नाही. निम्मे तरी तसेच येतात, कबूल करणारे कमी.)

वडीलच म्हणाले, "मामाचा हिशोब करतो ना रे तू."

मामा कापसाची खेडा खरेदी करतात. गावोगाव फिरून कापूस काट्यावर घालायचा, जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पोचवायचा. हिशोब लाल वहीत. गेल्या हंगामात भाऊने तो एक्सेलमध्ये घेतला. मोबाईलवर उघडून दाखव म्हटलं. तारीख, शेतकरी, गाव, क्विंटल, भाव, उचल, हमाली, बाकी. इतकं कोणीही करेल. पण दाखवता दाखवता तो सहज म्हणाला, "इथे एकदा बेरीज फसली होती."

गाववार बेरजेत बहादरपूर दोनदा येत होतं. दोन्ही नावं दिसायला सारखीच, पण बेरजा वेगळ्या. मामा म्हणाले, सोड, हाताने मिळव. भाऊने सोडलं नाही. रात्री अकराला बसला, दोनला उठला. मामांच्या दिवाणजीने काही ठिकाणी 'बहादरपूर' लिहून पुढे एक मोकळी जागा सोडली होती, स्पेसबार दाबला गेलेला. डोळ्याला दिसत नाही, पण मशीनला ते दुसरं गाव वाटतं. भाऊने सगळ्या मोकळ्या जागा काढल्या आणि पुढे कोणी गावाचं नाव हाताने टाइपच करू नये म्हणून तिथे निवडायची यादी लावून दिली.

हे सांगताना तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसला. तोवर पाठ टेकूनच होता.

"पत्रकात इतकं बरोबर असताना तूच चूक का शोधत बसलास?"

"चैन पडत नव्हती, मॅडम."

मी त्याला लगेच 'तू टेस्टर हो' असं सांगितलं नाही. एका रात्रीवरून इतका मोठा निकाल लावू नये. तीन आठवड्यांचं काम दिलं. एक आठवडा मामांच्या हिशोबाचं साधं वेबपेज बनवायचं. दुसरा आठवडा मामांच्या जिनिंगवाल्याचं बिलाचं ॲप वापरून त्यातल्या चुका लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तिसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या तीन सीनियरना फोन करायचा, आणि 'स्कोप आहे का' हे अजिबात विचारायचं नाही. विचारायचं, 'काल सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तू नेमकं काय केलंस?'

वडील जरा नाराज झाले. त्यांना आजच उत्तर हवं होतं. जाता जाता म्हणाले, "ताई, आपली अमळनेरची विप्रो पाहा. कॉम्प्युटरलेच स्कोप शे." अमळनेर-पारोळ्याच्या प्रत्येक पालकाकडून हे ऐकायला मिळतं, आणि अभिमान रास्तच आहे. पण १९४५ मध्ये अमळनेरला ती सुरू झाली वनस्पती तुपासाठी. कॉम्प्युटरकडे वळायला तिला तीसहून जास्त वर्षं लागली. हे मी त्यांना सांगितलं. ते हसले, पण पटलं असावं, कारण फीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तीन आठवड्यांनी भाऊ एकटाच आला, एसटीने. वेबपेज अर्धवट. चुकांची मात्र सहा पानं भरलेली. उणे क्विंटल टाकले तरी बिल निघतं. तारीख पुढच्या वर्षीची चालते. एकाच शेतकऱ्याची उचल दोनदा वजा होते. ही शेवटची चूक जिनिंगवाल्याला दाखवली तेव्हा त्याने चहा पाजला म्हणे.

फोनमधून कळलं ते यादीतल्या गुणांपेक्षा कामाचं होतं. डेव्हलपर सीनियरचे कालचे आठही तास दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड समजून घेण्यात गेले होते. डेटावाल्या सीनियरने सांगितलं की दिवसाचा बराचसा वेळ फायली साफ करण्यात जातो, आणि संख्याशास्त्र कच्चं असेल तर फ्रेशरला उभं करत नाहीत. टेस्टिंगवाली ताई सर्वांत स्पष्ट बोलली: तीन वर्षं तीच पत्रकं तपासणारे तिच्या ऑफिसात आहेत, ते अडकलेत, तिने पहिल्याच वर्षी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि ऑटोमेशन (तपासणी प्रोग्रामकडून करून घेणं) शिकून घेतलं, म्हणून तिला हलता आलं.

अडकण्याची भीती खोटी नाही, हे मी भाऊलाही सांगितलं. पण माणूस अडकतो तो वर्षभर नवीन काही न शिकल्याने, आणि तसा तो डेव्हलपर असूनही अडकतो.

सपोर्टच्या जागेबद्दल माझं मत कडक होतं. काम वाईट नाही. लॉग (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदी) वाचायला, एसक्यूएल चालवायला तिथे चांगलं शिकता येतं. पण ती कंपनी ओरिजिनल मार्कशीट जमा करायला सांगत होती. कागद दाखवावेत, झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत कोणाच्या कपाटात ठेवू नये. आणि 'बॉन्डला काही अर्थ नसतो, सही ठोक' म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकू नये. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या नोकरीची अट आणि ती मोडल्यास २ लाखांची भरपाई ग्राह्य धरली. ती सरकारी बँक होती, प्रत्येक बॉन्डला तोच न्याय लागेल असं नाही. पण सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचायला हवीच. भाऊने मसुदा मागितला. तो आलाच नाही, आणि विषय तिथेच संपला.

एमसीएचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीचा, रकाना मी खोडू दिला नाही. आता तो दोन वर्षांचाच आहे, प्रवेशाची सीईटी पुढच्या वर्षीही देता येते. 'काही सुचत नाही म्हणून एमसीए' नको, एवढंच म्हटलं. एमपीएससी त्याने स्वतःच खोडलं. ते काकांनी लिहायला लावलं होतं.

टेस्टिंगची ती जागा गेली हातची. दुसरी मिळायला अडीच महिने लागले, आणि त्यातला दुसरा महिना घरात फार वाईट गेला. मुलाखतीत त्याने विकत आणलेल्या प्रोजेक्टचं नावही काढलं नाही, ती सहा पानं पुढे ठेवली. पगार सपोर्टच्या जागेपेक्षा हजाराने कमी आहे. रूमवर चौघं राहतात, एसक्यूएल शिकतोय, ऑटोमेशनचं अजून 'सोमवारपासून' चाललंय. पुढे एमसीए करायचं की नाही, हे त्याचं ठरलेलं नाही.

मामांचं पत्रक मात्र तो दर रविवारी पुण्यातून बघतो. मामांनी त्याचा एक रुपया अजून दिलेला नाही.