रोज वचन वाचते, तरी स्वतःची किंमत का वाटत नाही?

‘रोज सकाळी वचन वाचते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दहा वाजेपर्यंत परत तेच: आपला कुणाला काही उपयोग नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?’

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणांच्या तोंडून येतो की तो आता एका माणसाचा राहिलेला नाही. इथे जिची गोष्ट सांगितली आहे तीही एक बाई नाही. दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

तिचं माहेर वसईचं, सासर मरोळच्या गावठाणात. वय 41. एका एक्स्पोर्ट कंपनीत 13 वर्षं अकाउंट्स सांभाळले; मग कंपनीने तो विभागच बंद केला. नवरा बोटीवर, मुलगा दहावीत, घरी सासूबाई. नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. या काळात तिने बायबल सोडलं नव्हतं, उलट वाचन वाढवलं होतं. आणि जितकं वाढवलं तितकी ती खचत गेली होती. तिला याचंच जास्त भय वाटत होतं.

अशा वेळी ‘वाचते’ म्हणजे नक्की काय करते, हे आधी विचारावं लागतं. कुठे बसून, कशावर, किती वेळ, कोणत्या भाषेत. तिचं उत्तर असं: उठल्याउठल्या अंथरुणातच फोन. तीन ग्रुप, पॅरिशचा म्हणजे चर्चचा, माहेरचा आणि शाळेच्या मैत्रिणींचा. सातच्या आत नऊ-दहा वचनं येऊन पडलेली, गुलाबावर, सूर्योदयावर, धबधब्यावर छापलेली. त्याखाली ‘आमेन’ टाकायचं. मग एका अ‍ॅपवर वर्षभरात बायबल संपवायचा कार्यक्रम, दिवसाला तीन-चार अध्याय. उत्पत्ती झालं, निर्गम झालं, आणि लेवीयच्या तेराव्या अध्यायात, त्वचारोगांच्या नियमांपाशी, गाडी अडकली. (लेवीयमध्ये अडकलेल्यांना एकत्र बसवलं तर रविवारच्या मिस्सेला जागा पुरणार नाही.) अ‍ॅप मात्र रोज लाल अक्षरांत मोजत होतं: 61 दिवस मागे.

म्हणजे दिवस सुरू व्हायच्या आधीच तिच्या दहा परीक्षा व्हायच्या. ‘भिऊ नको’ वाचलं आणि भीती तशीच राहिली की नापास. ‘आनंद करा’ वाचलं आणि रडू आलं की नापास. वर 61 दिवसांची थकबाकी. तिचा विश्वास कमी पडत नव्हता. ती वचनाला हजेरीचा मस्टर करून बसली होती.

पण त्याला हात लावण्याआधी दुसरं काम होतं. ती पहाटे तीनला जागी व्हायची ती पुन्हा झोपायची नाही. दुपारचं जेवण बहुतेक दिवस टळायचं, वजन उतरलं होतं. जगू नये असं वाटतं का, हे तिला सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, ‘तसं नाही, पण झोपेतून उठूच नये असं वाटतं.’ हे वाक्य ‘तसं नाही’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. त्याच आठवड्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, औषधं सुरू झाली. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारी टेलि-मानसचा 14416 हा नंबर वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवला. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि मन तिन्ही बिघडलेली असतील तर नुसत्या वचनावर भागवणं ही श्रद्धा नव्हे, हयगय आहे.

गोळ्या घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं, असं सासूबाईंचं मत पडलं. तेव्हा बायबलच कामी आलं. 1 राजे, अध्याय 19. एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. त्याला उपदेश मिळत नाही. त्याला झोप लागते, मग देवदूत उठवून म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो, परत झोपतो. दुसऱ्यांदा तेच. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला फार पुढे, होरेब डोंगरापर्यंत चालून गेल्यावर येतो. सासूबाईंनी तो अध्याय चष्मा लावून स्वतः वाचला. दुसऱ्या दिवसापासून दुपारचं ताट त्यांनीच वाढायला घेतलं.

नंतर लक्षात आली ती भाषेची गोष्ट. ती सगळं इंग्रजीत वाचत होती. शाळा इंग्रजी, अ‍ॅप इंग्रजी. पण तिला टोचणारा आवाज कोणत्या भाषेत बोलतो, हे विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि हसली. कादोडीत. माहेरच्या अंगणात लहानपणी ऐकलेल्या बोलीत, ‘तुझ्याच्यानं काय व्हायचंय’ या अर्थाचं एक वाक्य. आरोप एका भाषेत आणि बचाव दुसऱ्या भाषेत चालला होता. दोघांची कधी गाठच पडत नव्हती. मुंबईत हे फार दिसतं. प्रार्थना एका भाषेत, हिशेब दुसऱ्या, भांडण तिसऱ्या. मनाला लागलेलं वाक्य ज्या भाषेतलं, त्याच भाषेत उत्तर न्यावं लागतं.

म्हणून ठरलं ते असं. अ‍ॅपवरचा कार्यक्रम बंद. ग्रुप म्यूट, सोडायचे नाहीत, कारण सोडले की चौकशीचे फोन येतात. छापील मराठी बायबल, फोन दुसऱ्या खोलीत. पाणी भरून झालं की स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर 12 मिनिटं, जास्त नाही. एकच उतारा, चार ते आठ ओळींचा, आणि तोच सात दिवस. पहिल्यांदा मोठ्याने, सावकाश. दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि जिथे शब्द अडेल तिथे थांबायचं, मग तो आवडला म्हणून अडला असो की खटकला म्हणून. तिसऱ्यांदा पुस्तक मिटून तेच आपल्या बोलीत स्वतःला सांगायचं. रोज नवं वचन घेतलं की मन चवीपुरतं चाखतं आणि पुढे सरकतं. सात दिवस तेच घेतलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे उतारा बोलायला लागतो. यात नवीन काही नाही. कॅथलिक परंपरेत याला लेक्सिओ दिविना म्हणतात. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या कार्थुशियन मठवाशाने त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं शांत बसणं.

त्यानंतर वहीत तीन ओळी. पहिली: काल मनाने केलेला आरोप, जसाच्या तसा, वेळेसकट. ‘उदास वाटलं’ चालणार नाही. ‘साडेअकरा, सासूबाईंनी लाइट बिल भरलं, मनात आलं आता यांच्या पेन्शनीवर जगायचं’ असं हवं. मोघम आरोपाला कुठलंच वचन पुरत नाही. दुसरी ओळ: उताऱ्यातला अडलेला शब्द. तिसरी: आज दुपारी एकच्या आत करायचं एकच काम, वीस मिनिटांत होणारं.

पहिल्या आठवड्याचा उतारा लूकच्या शुभवर्तमानातला, 12:4-7, म्हणजे बाराव्या अध्यायातल्या ओळी चार ते सात. शेजारी मत्तय 10:29 ही एकच ओळ लिहून दिली आणि काही सांगितलं नाही. मत्तयात एका दमडीला दोन चिमण्या. लुकात दोन दमड्यांना पाच. अकाउंट्सवाली बाई, तिने पेन उचललं. ‘दोनला चार व्हायला हव्यात. ही पाचवी कुठून आली?’ मग स्वतःच: ‘वर टाकलेली. भाजीवाला कोथिंबीर टाकतो तशी.’ ती दमडी म्हणजे त्या काळच्या रोमी दिनाराचा सोळावा हिस्सा, आणि मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार, हे सांगितल्यावर तिने तेही मांडलं: सोळा भागिले दोन, गुणिले पाच. एका दिवसाच्या मजुरीत चाळीस चिमण्या. त्यातल्या आठ फुकटच्या.

बराच वेळ ती त्या आठवर बोट ठेवून होती. ‘म्हणजे पाचवी बिलात धरलेलीच नाही,’ ती म्हणाली. वाक्य पुढे म्हणतं की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडलेला नाही.

इथे घाई करून ‘बघा, तुम्ही किती मौल्यवान’ म्हणण्याचा मोह आवरावा लागतो. उताऱ्यात चिमणीचा बाजारभाव वाढत नाही. ती फुकटची ती फुकटचीच राहते; बाजाराचं पुस्तक वेगळं आणि ज्यात तिची नोंद आहे ते पुस्तक वेगळं. शिवाय हे शब्द सुखात बसलेल्यांना सांगितलेले नाहीत. चौथी ओळ शरीराला ठार करणाऱ्यांपासून सुरू होते. ऐकणाऱ्यांना खरोखर भिण्याचं कारण होतं. फॉरवर्डमध्ये चिमणी येते, चौथी ओळ गळते, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की घाबरणारी आपण एकटीच.

त्या आठवड्यात तिने उतारा कादोडीत उतरवला. ‘विसर’ला नेमका शब्द आठवेना म्हणून आईला फोन केला, दोघींचं पाऊण तास बोलणं झालं. नोकरी गेल्याचं आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या आठवड्यात बिघडलं. तिसऱ्या ओळीतल्या एका कामाची सात झाली आणि शेजारी दहापैकी गुण पडायला लागले. सवय कुठे जाते. गुण खोडायचे नाहीत, फक्त पुढे द्यायचे नाहीत, आणि काम पुन्हा एकावर आणायचं, एवढंच केलं.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलाखतीतून नकार आला आणि त्याच सकाळी म्यूट केलेल्या ग्रुपवर डोकावली, तर यिर्मया 29:11. तुमच्याविषयी माझ्या मनात आहेत ते हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भवितव्य आणि आशा देणारे. सगळ्यांत जास्त फिरणाऱ्या वचनांतलं एक, आणि चुकीच्या दिवशी सगळ्यांत जास्त लागणारं. तिने फोन उपडा ठेवला.

पुढच्या भेटीत ते अख्खं वाचलं. हे एक पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं. अकराव्या ओळीच्या आधी दहावी आहे, आणि ती म्हणते सत्तर वर्षं. त्याआधी पाचवी ते सातवी: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांचं फळ खा, ज्या शहरात नेलंय त्याचं भलं बघा. म्हणजे लवकर सुटका होईल असं पत्र सांगतच नाही. मधल्या काळात काय लावायचं ते सांगतं. तिची बाग कोणती, यावर तो तास गेला. गावठाणातल्या ओळखीच्या एका बेकरीचं आणि एका हार्डवेअरवाल्याचं जीएसटीचं काम तिने घेतलं. पैसे आधीच्या पगाराच्या पावही नाहीत. पण आरोपाची ओळ लिहिताना ‘कुणालाच उपयोग नाही’ हे वाक्य तिला जसंच्या तसं लिहिता येईना. बेकरीवाला आडवा यायचा.

नम्रतेचा मुद्दा तिनेच काढला. दुसऱ्यांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना असं फिलिप्पैकरांच्या पत्रात आहे, मग स्वतःला कमी समजते यात चूक काय? पुढची ओळ वाचायला सांगितली, 2:4. आपलंच नव्हे तर दुसऱ्याचंही हित बघा. त्या ‘ही’मध्ये आपलं हित धरलेलं आहे. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा येशूने उचलली ती लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातून, ती अडकली होती तिथून सहा अध्याय पुढे. यावर ती खळखळून हसली, पहिल्यांदाच.

जे दिवस अगदीच वाईट, त्यांच्यासाठी उतारा बदलायचा नाही असा नियम ढिला केला. त्या दिवशी स्तोत्र 88. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. जमलं तर 42, जिथे स्तोत्रकार स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? हा प्रश्न 42 आणि 43 मिळून तीनदा येतो. पहिल्यांदा विचारून त्याचंही भागलं नव्हतं.

औषधं सुरू आहेत, डॉक्टरांनी ती किमान अजून काही महिने सांगितली आहेत. पहाटे तीनची जाग साडेचार-पाचवर आली आहे. पूर्णवेळ नोकरी अजून नाही.

वहीत जुलैतले चार दिवस कोरे आहेत. मुलाला ताप होता. पूर्वी असती तर तिने ती पानं एका रात्रीत मागून भरून काढली असती किंवा फाडली असती. आता वर फक्त तारखा आहेत, खाली काही नाही, आणि पाचव्या दिवशी उतारा जिथे राहिला होता तिथूनच पुढे सुरू होतो.