वाचक विचारतात : कोटींची बातमी कशी वाचायची?

प्रश्न : अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याचे १,४४५ कोटी कुठल्या पोर्टलवर 'मंजूर' असतात, कुठे 'मिळाले', तर कुठे 'कोल्हापूरला मोठी भेट'. नेमकं काय धरायचं?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : फक्त 'मंजूर'. ६ मे २०२५ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत सात आराखड्यांना मिळून ५,५०३.६९ कोटींची मान्यता मिळाली. त्यात अंबाबाईचे १,४४५.९७ आणि जोतिबाचे २५९.५९ कोटी. मान्यता म्हणजे खर्चाची मर्यादा. त्या दिवशी तिजोरीतून रुपयाही हलत नाही. त्यानंतर शासन निर्णय, अर्थसंकल्पात तरतूद, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि निधी वितरण. वितरित झालेला पैसाही खर्च झालेला असतोच असं नाही. दर टप्प्याला प्रसिद्धीपत्रक निघतं आणि बातम्यांच्या डेस्कवरून दरवेळी तोच पूर्ण आकडा मथळ्यात चढतो. त्यामुळे पाच बातम्या वाचून पाचदा पैसे आले असं वाटतं. ('भेट' हा शब्द तर बाजूलाच ठेवा, पैसा आपल्याच कराचा.)

खात्री करायची तर शासन निर्णयांच्या सरकारी संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून कागद काढा. आधी विषयाची ओळ वाचा : 'प्रशासकीय मान्यता' आहे की 'निधी वितरित करण्याबाबत'? दुसरं असेल तरच पैसा निघाला. वितरणाच्या निर्णयात लेखाशीर्षही (पैसा ज्या खात्यातून निघतो त्याचा क्रमांक) दिलेलं असतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्याच लेखाशीर्षासमोर यंदाची तरतूद पाहा. तिथे कधीकधी हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद दिसते, म्हणजे फक्त खातं उघडून ठेवलेलं. आकडे हजारात आहेत की लाखात, हे पानाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. बातमी करणारेही इथेच चुकतात.

प्रश्न : नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला कुणी २० हजार कोटी म्हणतं, कुणी ८६ हजार. खोटं कोण बोलतंय?
– शेतकरी वाचक, भुदरगड

उत्तर : कुणीच नाही. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटी मंजूर केले ते आखणी आणि भूसंपादनासाठी. त्यातले १२,००० कोटी हुडको या सरकारी वित्तसंस्थेचं कर्ज. ८६ हजार कोटींच्या आसपासचा आकडा तेव्हाच्या आखणीतल्या सगळ्या ८०२ किलोमीटरचा अंदाज. बाजूने लिहिणारे प्रवासाचे किती तास वाचतील ते मथळ्यात घालतात, विरोधातले भागाकार करून किलोमीटरला शंभर कोटींवर नेतात. भागाकार बरोबरच आहे, पण दुसऱ्या महामार्गाशी तुलना करताना दोन्हीकडे भूसंपादन, बोगदे, पूल आणि बांधकामकाळातलं व्याज धरलंय का, आणि अंदाज कुठल्या वर्षाच्या दरांचे आहेत, हे बघावं लागतं. आणि कर्ज असेल तर व्याज कोण, कशातून फेडणार? हे बातमीत नसेल तर बातमी अर्धीच.

प्रश्न : पाणीयोजनेचा 'खर्च वाढला' म्हणजे पैसे खाल्ले का?
– वाचक, राजारामपुरी

उत्तर : लगेच तसं म्हणू नका. सुधारित प्रशासकीय मान्यतेचा कागद मागवा, त्यात वाढीची कारणं रकमेसह असतात. सरकारी दरसूची बदलली, करारातल्या भाववाढ कलमाप्रमाणे फरक द्यावा लागला, नळाचा मार्ग बदलला, हे समजण्यासारखं. मूळ अंदाजपत्रकात नसलेली 'अतिरिक्त बाब' मोठ्या रकमेची दिसली, तर मात्र तिथेच माहिती अधिकाराचा अर्ज टाका.