कंपनी कशी आहे हे बिलावरून कळतं

तुला सिव्हिल (बांधकामाच्या) कंपनीत नोकरीची ऑफर आलीय आणि ती चांगली आहे का ते कसं ओळखायचं असं विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पुलांचे फोटो काय सगळेच लावतात. तू आधी हे बघ की त्यांनी कामं कुठल्या क्रमाने घेतली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी घे, वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये काढली, सुरुवातीलाच भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, नंतर कोयना धरण, आणि 2009 मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सी लिंकपण त्यांचाच. एक अवघड काम पूर्ण केल्याचा दाखला हातात असला की पुढच्या मोठ्या टेंडरला बसता येतं, या धंद्यात कंपनी अशीच वाढते.

आता कॉलेजात कोणी नीट सांगत नाही ते. सिमेंट, सळई, डिझेल, मजुरी यांचे पैसे आधी जातात आणि आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) मागून निघतं, त्यातूनही रिटेन्शन (क्लायंट राखून ठेवतो ती रक्कम) कापतात, घेतलेला अॅडव्हान्स वळता करतात, मग हातात कामं भरपूर असूनही कंपनीचा श्वास कोंडतो. बिल मोजमापावर निघतं, म्हणून साइट इंजिनिअरचं मोजमाप फार महत्त्वाचं आहे रे! काँक्रीट पडलं की आतली सळई दिसत नाही, तेव्हा पोअरच्या (काँक्रीट ओतण्याच्या) आधीच बार (सळया), त्यांच्यातलं अंतर, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सगळं तपासून क्लायंटच्या माणसाची सही घे. सळईचं वजन म्हणजे मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 मिमीला मीटरमागे साधारण 0.89 किलो, हे तोंडपाठ पाहिजे. काँक्रीटचे 150 मिमीचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) 7 आणि 28 दिवसांनी दाबून फोडतात, त्यांचे रिपोर्ट बिलाला लागतात, ते शोधत बसायची वेळ आणू नकोस.

ड्रॉइंग उशिरा आलं, जागा मिळाली नाही, पाऊस लागला, तर त्याच दिवशी हिंडरन्स रजिस्टरला (कामातल्या अडथळ्यांच्या वहीत) नोंद कर. पुढे मुदतवाढ मागताना हीच पानं कामाला येतात, तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

ऑफर घ्यायच्या आधी जमलं तर त्यांच्या एखाद्या चालू साइटवर जा आणि शटरिंगच्या (काँक्रीटचे साचे लावणाऱ्या) मुकादमाला विचार की बिल टाकल्यावर पैसे किती दिवसांनी मिळतात. तो काय म्हणाला ते मला कळव, मग पगाराचं बोलू.